मुंग्या, ठोकळे आणि गुळगुळीत पाठ

दूरदर्शनच्या पडद्यावर मुंग्या येत असत, तो काळ आठवणारे वाचक अजून पुष्कळ असतील. गच्चीवरचा अँटेना वाऱ्याने किंवा कावळ्याच्या वजनाने फिरला की चित्र विरत जाई आणि काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची वळवळ सुरू होई. तिला मराठीने दिलेले ‘मुंग्या’ हे नाव इंग्रजीतल्या ‘स्नो’पेक्षा आम्हांला अधिक नेमके वाटते; बर्फ पडून स्थिर होतो, मुंग्या चालत राहतात. एक जण गच्चीवर, एक जण जिन्यात, एक जण टीव्हीपुढे, अशा साखळीतून ‘आलं का?’ ‘अजून नाही!’ हा संवाद घराघरांत चाले. मुंग्यांविषयी कोणाचा गैरसमज मात्र होत नसे. त्या चित्रातल्या नाहीत, बाहेरून आल्या आहेत, हे लहान मुलालाही कळे.

पुढे व्हीसीडी आली, मुंग्या गेल्या आणि त्यांच्या जागी ठोकळे आले. आमच्या संग्रहात एका मराठी नाटकाच्या चित्रीकरणाची दोन तबकड्यांची व्हीसीडी आहे. दुसऱ्या अंकात प्रकाश मंद होतो, मागचा काळा पडदा तेवढा उरतो, आणि त्या काळ्यावर करड्या रंगाचे चौकोन पोहू लागतात. नायकाच्या कपाळावर एका वाक्यानंतर आठी उमटते, किंवा उमटल्यासारखी वाटते. कारण नेमकी तिथेच एका चौकोनाची कड आलेली असते. वर्गात हा प्रवेश दाखवला तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, ‘नेपथ्यात ते चौकोन मुद्दाम केलेत का?’ वर्ग हसला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मुंग्यांबद्दल असा प्रश्न कोणी विचारला नसता.

हे ठोकळे आणि त्यांना पुसून टाकण्याचा साडेतीन दशकांहून अधिक चाललेला उद्योग, हा या लेखाचा विषय. तो साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारण असे की, मुळात हा पाठसंपादनाचा उद्योग आहे. लेखनिकाच्या हातून झालेली चूक कोणती आणि मूळ कवीचा खडबडीतपणा कोणता, हे ठरवताना संपादकापुढे जो पेच उभा राहतो, तोच इथे सिलिकॉनच्या चकतीपुढे सेकंदाला लाखो वेळा उभा राहतो. फरक एवढाच की चकती थांबून विचार करीत नाही, आणि आपण काय ठरवले ते कोणाला सांगतही नाही.

आधी ठोकळे येतात कुठून ते पाहू. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या व्हीसीडीवरचे चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचे, सेकंदाला २५ चित्रे. रंगाची माहिती आधीच काटकसरीने घेतली तरी प्रत्येक पिक्सेलमागे सरासरी १२ बिट लागतात. म्हणजे सेकंदाला तीन कोटींहून अधिक बिट झाले. तबकडीवर चित्रासाठी मिळतात सुमारे साडेअकरा लाख. सव्वीस पानांचा मजकूर एका पानात बसवायचा, असा हा संक्षेप. तो करताना चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे ६४ ठरीव नमुन्यांच्या बेरजेत मांडले जातात. पहिला नमुना सपाट, म्हणजे चौकोनाची सरासरी; पुढचे क्रमाक्रमाने बारीक होत जाणारे पट्टे आणि जाळ्या. इथपर्यंत काहीच हरवत नाही, तेच वाक्य दुसऱ्या लिपीत लिहिल्यासारखे आहे. हरवते ते पुढच्या पायरीला. प्रत्येक नमुन्याचे प्रमाण एका ठरवलेल्या संख्येने भागून जवळच्या पूर्णांकात बसवतात, आणि बारीक नमुन्यांची प्रमाणे बहुधा शून्य होतात. शून्ये लिहायला जागा लागत नाही.

ही लिप्यंतराची रीत म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. तिचे जनक नसीर अहमद हे १९४० मध्ये बंगळूरला जन्मले, तिथेच अभियांत्रिकी शिकले आणि पुढे अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक झाले. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. कल्पना फारच साधी वाटली, असे अहमद यांनीच नंतर लिहून ठेवले आहे. तरी त्यांनी आपले विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह ती तडीस नेली. जानेवारी १९७४ मध्ये त्यांचा चार पानांचा निबंध छापून आला. त्या चार पानांवर पुढे जेपीईजी छायाचित्रे, व्हीसीडी, डीव्हीडी, उपग्रह वाहिन्या असा सगळा संसार उभा राहिला. अनुदान नाकारणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. साधेपणा ही सर्वांत उशिरा ओळखू येणारी गोष्ट आहे, हे कवितेच्या परीक्षकांना कोणी वेगळे सांगायला नको.

या रीतीत एक मेख आहे. प्रत्येक चौकोन आपापल्यापुरता संक्षेप करतो, शेजाऱ्याशी बोलत नाही. काळ्या पडद्याचा एक चौकोन पूर्णांकात बसताना किंचित उजळला आणि शेजारचा किंचित काळवंडला, की मधे कड उभी राहते. मूळ चित्रात अशी कड नव्हतीच. ती वाऱ्याने आणली नाही की कावळ्याने. ती यंत्राच्या निर्णयाची खूण आहे. मुंग्या आणि ठोकळे यांत हाच खरा भेद. तंत्रज्ञ एकाला ‘नॉइज’ म्हणतात, दुसऱ्याला ‘आर्टिफॅक्ट’. दुसऱ्या शब्दाच्या पोटात मानवी कारागिरी दडलेली आहे. पुरातत्त्वात उत्खननात सापडलेल्या घडीव वस्तूलाही तोच शब्द वापरतात.

ठोकळ्यांचे एक भावंडही आहे. पडद्यावर अक्षरे किंवा झाडाची फांदी अशी तीव्र कड आली की तिच्याभोवती बारीक थरथर दिसते. तंत्रज्ञ तिला डासांचे नाव देतात. (मुंग्यांनंतर डास, या क्षेत्राला कीटकांचे आकर्षण दिसते.) हे डास संगणकाहून खूप जुने आहेत. तुटक, उंच पायरीसारखी आकृती लाटांच्या बेरजेतून उभारू गेले की पायरीच्या काठाशी लाटा उसळतात आणि कितीही लाटा मिळवल्या तरी ती उसळी उंचीला कमी होत नाही, हे हेन्री विल्ब्रहॅम या इंग्रज गणितज्ञाने १८४८ मध्ये दाखवले होते. तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १८९८-९९ मध्ये ‘नेचर’च्या पत्रव्यवहारात अमेरिकन शास्त्रज्ञ विलर्ड गिब्ज यांनी तेच पुन्हा मांडले आणि आज ती घटना गिब्ज यांच्या नावाने ओळखली जाते. पाठाच्या इतिहासात कर्तृत्वाची अशी अदलाबदल आपल्याला नवी नाही.

आता पुसण्याच्या उद्योगाकडे वळू. दृक्‌श्राव्य टेलिफोनसाठी आखलेले एच.२६१ हे मानक १९८८ मध्ये आले आणि १९९० मध्ये स्थिरावले. हलत्या चित्राचा हा पहिला व्यवहार्य डिजिटल संक्षेप. त्यात प्रत्येक चित्र पूर्ण न पाठवता मागच्या चित्रावरून भाकीत करायचे आणि फक्त चुकलेला भाग पाठवायचा, ही युक्ती होती. पण भाकीत ज्या चित्रावरून करायचे, ते स्वतःच संक्षेपाने बिघडलेले. शिवाय पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्रांची आकडेमोड तंतोतंत जुळतेच असे नाही. सूक्ष्म फरक चित्रागणिक साचत जातो. म्हणून त्या मानकात एक नियम घातलेला आहे: चित्राचा कोणताही भाग १३२ वेळा पाठवला जाईपर्यंत एकदा तरी मागच्या आधाराशिवाय नव्याने पाठवलाच पाहिजे. नकलेवरून नक्कल किती पिढ्या चालू द्यायची याची अशी आकड्यात घातलेली मर्यादा आम्हांला पाठचिकित्सेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळलेली नाही. आपल्या लेखनिकांना कोणी अशी ताकीद दिली असती तर!

एच.२६१ मध्ये भाकिताचे चित्र किंचित मऊ करणारा एक फिल्टर होता, तो चौकोनाच्या आतच काम करी. व्हीसीडीच्या एमपीईजी-१ मध्ये (१९९३) आणि डीव्हीडीच्या एमपीईजी-२ मध्ये (१९९५) असा फिल्टर ठेवला नाही. ठोकळे पुसायचे की नाही, कसे पुसायचे, हे घेणाऱ्या यंत्राच्या निर्मात्यावर सोडले. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत हे खपून गेले, कारण त्या पडद्याची चमकच थोडी पसरट असते, तो कडा आपोआप मऊ करी. पुढे मोठे सपाट पडदे आले आणि प्रत्येक ठोकळा लख्ख दिसू लागला. मग टीव्हीच्या आत चित्र सुधारणाऱ्या चकत्या बसवण्याची स्पर्धा लागली. आजही पुष्कळ टीव्हींच्या मेनूत दोन वेगवेगळ्या ओळी सापडतात: एक डिजिटल नॉइज रिडक्शनची, दुसरी एमपीईजी नॉइज रिडक्शनची. पहिली मुंग्यांसाठी, दुसरी ठोकळ्यांसाठी आणि डासांसाठी. हे ठाऊक नसलेला ग्राहक दोन्ही ‘हाय’वर ठेवतो आणि माणसांचे चेहरे मेणाचे झाले म्हणून वाहिनीला बोल लावतो.

तरीही या व्यवस्थेत एक सभ्यता होती. मूळ प्रत तबकडीवर जशीच्या तशी राही. टीव्हीने केलेली साफसफाई पडद्यापुरती, वाचकाने पेन्सिलीने समासात केलेल्या दुरुस्तीसारखी. रद्द करायची झाली तर करता येई.

मे २००३ मध्ये एच.२६४ हे मानक मंजूर झाले आणि खोडरबर समासातून उठून संहितेत आला. ठोकळे पुसणारा फिल्टर आता संक्षेपाच्या चक्राच्या आत बसवला गेला. म्हणजे असे की पुसून गुळगुळीत केलेले चित्रच पुढच्या चित्राच्या भाकिताचा आधार होते. एन्कोडरने तो फिल्टर बंद ठेवल्याचे कळवले नसेल, तर घेणाऱ्या प्रत्येक यंत्राने तो त्याच पद्धतीने, आकड्याला आकडा जुळवून चालवलाच पाहिजे. प्रेक्षकाच्या हाती त्याचा खटका नाही. खटका फिरवला तर पुढची सगळी भाकिते चुकतील. शुद्ध केलेली प्रत हीच पुढच्या सर्व प्रतींची मातृप्रत झाली.

हा फिल्टर निर्णय कसा घेतो ते पाहण्यासारखे आहे. चौकोनांच्या प्रत्येक सीमेला तो आधी शून्य ते चारपर्यंत संशयाची पायरी देतो. कोणत्याही भाकिताशिवाय स्वतंत्रपणे लिहिलेल्या भागांच्या सीमा सर्वांत संशयास्पद. मग सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पिक्सेलमधला फरक मोजतो. फरक एका मर्यादेहून मोठा असेल तर ही खरी कड, चित्रातल्याच एखाद्या भिंतीची किंवा नाकाची, असे धरून तिला हात लावत नाही. फरक लहान असेल तर ती संक्षेपाची कड समजून मिटवतो, जास्तीत जास्त दोन्ही बाजूंचे तीन-तीन पिक्सेल बदलून. आणि ती मर्यादा स्थिर नाही: संक्षेप जितका कंजूष, तितकी मर्यादा सैल. थोडक्यात, ठळक दिसेल ते खरे आणि पुसट दिसेल ते खोटे, असा न्याय.

पाठचिकित्सेचा न्याय याच्या नेमका उलटा आहे. दोन पाठांत जो अवघड, खडबडीत, तो बहुधा जुना. कारण लेखनिकाची प्रवृत्ती सोपे आणि सफाईदार करण्याकडे असते. वर वर्णिलेला फिल्टर हा असा आदर्श लेखनिकच आहे. आम्ही त्याची निंदा करीत नाही. त्याने त्याच दर्जाच्या चित्राला पाच ते दहा टक्के कमी बिट पुरतात, असे मानकाच्या कर्त्यांनीच नोंदवले आहे. कमी वेगाच्या जोडणीवर दूर देशी असलेल्या मुलाचा चेहरा पाहणाऱ्या आईला हा फायदा मोठा आहे. आणि त्याची किंमतही यंत्राला भरावी लागते. प्रत्येक सीमेवर इतके ‘जर-तर’ की डिकोडरच्या एकूण श्रमांपैकी एक तृतीयांश या एकट्या फिल्टरवर खर्च होऊ शकतात. त्यातून एका सीमेवर बदललेला पिक्सेल पुढच्या सीमेच्या निर्णयात पुन्हा वापरायचा, म्हणून क्रम मोडता येत नाही, अनेक हातांनी एकदम काम करता येत नाही. चकत्यांची रचना करणाऱ्यांना या साखळीने जेरीस आणले. २०१३ च्या एचईव्हीसी मानकात ती सोडवली गेली: सीमा आठ-आठ पिक्सेलवरच धरायच्या आणि दोन्ही बाजूंचे तीनच पिक्सेल बदलायचे, म्हणजे एका सीमेची दुरुस्ती शेजारच्या समांतर सीमेच्या दुरुस्तीला शिवतच नाही.

इथे आम्हांला पुण्याची आठवण होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९२५ पासून डॉ. वि. सी. सुकथनकर यांच्या संपादकत्वाखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आकाराला येऊ लागली. आदिपर्व १९३३ मध्ये पुरे झाले, सुकथनकर १९४३ मध्ये गेले, आणि मुख्य काम १९६६ मध्ये संपले. त्या आवृत्तीत जिथे पाठ निश्चित नाही तिथे शब्दांखाली नागमोडी रेषा आहे. नाकारलेले पाठ तळटीपांत आणि परिशिष्टांत जपलेले आहेत. संपादकाने निर्णय घेतला, पण निर्णयाची जागा दाखवून ठेवली. उद्या कोणाला त्याच्याशी भांडायचे असेल तर साहित्य तिथेच हजर आहे. व्हिडिओच्या फिल्टरला नागमोडी रेषा नाही.

मुंग्या मारण्याचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. मुंग्या दर चित्रात जागा बदलतात, भिंत बदलत नाही. म्हणून लागोपाठच्या चित्रांची सरासरी काढली की भिंत राहते आणि मुंग्या विरतात. चार चित्रांची सरासरी घेतली तर त्यांचा जोर निम्मा होतो. त्यासाठी अख्खे चित्र साठवणारी स्मृती यंत्रात हवी, ती स्वस्त होईपर्यंत हा उपाय मोठ्या स्टुडिओंच्या आवाक्यातलाच राहिला. अडचण एकच: हलणारी वस्तूही जागा बदलते. तिचीही सरासरी काढली तर मागे भुतासारखी छाया लांबते. मग हालचाल ओळखायची आणि तिथे हात आखडायचा. जुन्या चित्रपटांच्या जीर्णोद्धारात हाच तर्क धुळीला लावतात: मागच्या-पुढच्या चित्रांत नसलेला आणि एकाच चित्रात असलेला ठिपका म्हणजे धूळ. पावसाचा थेंबही एकाच चित्रात असतो. देखरेखीविना चालवलेल्या अशा सफाईत पाऊस थांबतो, फेकलेला चेंडू हवेत नाहीसा होतो.

मुंग्या मारण्याची निकड मात्र सौंदर्यापेक्षा हिशोबातून आली. क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या सिद्धांतानुसार माहितीचे माप म्हणजे अनपेक्षितता. जे वर्तवता येते ते स्वस्त, जे वर्तवता येत नाही ते महाग. आता मुंग्यांइतके अनपेक्षित काय असणार? यंत्राच्या लेखी मुंग्या ही सर्वांत मोठी बातमी आहे. फिल्मवरच्या चित्रातली ग्रेन, म्हणजे रसायनातल्या चंदेरी कणांची रवाळ पोतही तशीच. दर चौकटीत नवी, भाकिताला दाद न देणारी. छायालेखकाने विचारपूर्वक निवडलेल्या फिल्मचा तो रवाळपणा प्रक्षेपकाच्या खर्चवहीत नुसता तोटा म्हणून मांडला गेला. तो आधी धुऊन काढायचा, मग संक्षेप करायचा, अशी रीत पडली. धुताना लोकरीचा पोत, गवत, त्वचेची रंध्रे यांतलेही काही वाहून जाते.

स्वच्छ दिसणारी चूक किती महाग पडू शकते, याचे उदाहरण व्हिडिओच्या शेजारच्या क्षेत्रातले आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना आकडे बदलतात. (ज्या कंपनीचे नाव मराठीने ‘हुबेहूब प्रत’ या अर्थाने दत्तक घेतले, तिचीच यंत्रे!) एका घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती; प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३ आले. कारण संक्षेपाची पद्धत. जेबीआयजी-२ या मानकात सारखी दिसणारी अक्षरे एकदाच साठवून पुन्हा पुन्हा वापरण्याची सोय आहे, आणि यंत्राने ‘सारखे’ हा शब्द जरा उदारपणे घेतला. कंपनीला दुरुस्त्या पाठवाव्या लागल्या. त्या प्रतीवर एकही डाग नव्हता, एकही ठोकळा नव्हता. अक्षर धूसर असते तर कोणीतरी डोळे बारीक करून मूळ कागद मागितला असता.

ग्रेनच्या कथेला अलीकडे एक विलक्षण वळण मिळाले. धुतलेले चेहरे मेणासारखे दिसतात, ही तक्रार छायालेखकांनी आणि दिग्दर्शकांनी लावून धरली. २०१९ मध्ये टीव्ही-निर्मात्यांच्या एका संघटनेने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. तो निवडला की टीव्हीची स्वतःची साफसफाई बंद होते. त्याआधी २०१८ मध्ये आलेल्या एव्ही-१ मानकाने दुसरा मार्ग काढला होता. ग्रेन पाठवायचीच नाही. ती धुऊन टाकायची, पण टाकण्यापूर्वी तिचा स्वभाव मोजायचा: किती दाट, उजेडात किती, काळोखात किती, शेजारच्या कणांशी तिचे नाते काय. एवढे थोडे आकडे आणि एक १६ बिटांची बीजसंख्या चित्राबरोबर पाठवायची. घेणारे यंत्र त्या बीजापासून ६४ बाय ६४ चा नवा रवाळ तुकडा तयार करते, त्याचे ३२ बाय ३२ चे काप स्वच्छ चित्रावर पसरते, आणि प्रेक्षकाला पुन्हा फिल्म पाहिल्यासारखे वाटते. पडद्यावरचा एकही कण मूळ चित्रातला नसतो. क्षेपक ओव्या मूळ कवीच्या धाटणीत इतक्या बेमालूम रचाव्यात की ज्ञात्यालाही शैलीवरून त्या वेगळ्या काढता येऊ नयेत, तसे हे काम आहे. कारागीर म्हणून आम्ही त्याला दाद देतो. एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायलाच हवी: ही ग्रेन डिकोड झालेल्या चित्रावर अगदी शेवटी चढते, भाकिताच्या चक्रात शिरत नाही. क्षेपक निदान मातृप्रतीत मिसळत नाही.

हा लेख लिहिताना आम्ही ती नाटकाची व्हीसीडी पुन्हा काढली. घरच्या नव्या टीव्हीवर दुसऱ्या अंकातला काळा पडदा मखमलीसारखा सलग दिसला, आणि नायकाचे कपाळ कोऱ्या कागदासारखे. मेनूत जाऊन नॉइज रिडक्शनच्या दोन्ही ओळी बंद केल्या. करडे चौकोन परत आले, आणि त्या वाक्यानंतर कपाळावर ती रेषाही उमटली. प्रवेश चार वेळा मागेपुढे करून पाहिला. ती आठी आहे की ठोकळ्याची कड, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.